गाठ्या उरल्या त्या वर्षी

होळीच्या गाठ्या उरल्या की त्यांचं काय करायचं, याबद्दल आमच्या देऊळघाटात घरोघरी वेगळं मत आहे आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. पोरं पहिल्या दिवशी साखरेची ती माळ गळ्यात घालून गावभर मिरवतात, मधलं पदक चाटून चाटून त्याची पार वाट लावतात, धुळवडीला त्याच गाठीवर रंग सांडतात आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मग ती चिकट माळ कधी खुंटीवर दिसते, कधी टीव्हीच्या मागं, कधी दप्तरात. माझी आई उरलेल्या गाठ्या कुटून बरणीत भरायची आणि साखर संपली की त्यावर चहा निघायचा. आमच्या शेजारची चाची त्या भिजवून, बडीशेप घालून सरबत करते. मी कैरीच्या पन्ह्यात घालते. गुळाचं पन्हं मला आवडत नाही, आणि मला जे आवडत नाही ते माझ्या घरात होत नाही.

असं वागून मी फार काही मिळवलं अशातला भाग नाही. पण मी अंगणवाडीत पोरं सांभाळते, त्यामुळे आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. आमच्या गल्लीत कुत्रं भुंकायचं थांबलं की लोक म्हणतात, बाई अंगणवाडीतून आल्या वाटतं.

आमचं अंगण एक आणि चुली दोन. एका बाजूला मी आणि आमचे हे. पोरं दोन्ही नोकरीला बाहेरगावी. दुसऱ्या बाजूला माझा दीर, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक लेक. वावर मात्र एकच, पैनगंगेच्या अंगाला. वांगी, मेथी, सांभार. सांभार म्हणजे बाकी महाराष्ट्रात कोथिंबीर म्हणतात ती. दीर पहाटेच मोटरसायकलवर माल लादून बुलडाण्याला जायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो पाचवीत होता. सासू अंथरुणाला खिळलेली. त्याचे केस मी विंचरले, शेंबूड मी पुसला, गणिताच्या मास्तरांशी भांडायला मीच गेले. नात्यानं दीर, पण खरं सांगायचं तर तो माझा पहिला लेक.

त्याच्या लेकीच्या गाठ्या कधी उरायच्याच नाहीत. होळी झाली की चार दिवसांत खुंटीवर नुसते दोरे. मी तिला दटावायची, "काय वं, एवढं गोड खातं का कोणी? दात किडतीन तुहे." ती खाली मान घालून ऐकून घ्यायची. पोरगी गोडखाऊ आहे असं मी ठरवून टाकलं होतं, आणि अंगणवाडीत इतर बायांना तिचं उदाहरणही देत होते.

दिराला शुगर निघाली तेव्हा ती बरीच जुनी होती. डॉक्टर म्हणाले, किडनीपर्यंत गेली आहे, आता तोंड सांभाळा. धाकटी, म्हणजे त्याची बायको, स्वभावानं लोण्याहून मऊ. तो हसला की ती विरघळायची. म्हणून सगळा कारभार मी माझ्या हातात घेतला. दोन्ही चुलींवरचा साखरेचा डबा माझ्या कपाटात गेला. त्याचा चहा बिनसाखरेचा, तोही मीच करायचा. सकाळी मेथीचं पाणी, संध्याकाळी कारल्याचा रस, आणि तो नाक दाबून पिताना मी समोर उभी. "वैनी, तुमी पोलिसात पाह्यजे होत्या," तो म्हणायचा. मी म्हणायची, "पोलिसात असती तं तुले कवाच आत टाकला असता."

एवढं करून आकडा खाली येईना. मी रस वाढवला, भात बंद केला, तरी येईना. एकदा तर मी दवाखान्यात डॉक्टरांनाच सुनावलं, की आमचा माणूस जिभेवर साखरेचा कण ठेवत नाही, तुमच्या गोळ्यातच काही दम नाही. दीर शेजारी खुर्चीवर बसला होता, छताच्या पंख्याकडे पाहत. मला वाटलं, बिचारा आजाराला कंटाळला.

मग डायलिसिस सुरू झालं, आणि वर्षही न काढता, ऐन थंडीत, वांग्याला बहर आलेला असताना तो गेला. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. लेक गेला की आईचं जे होतं तेच झालं. पोरगी तेव्हा चौथीत होती. ती रडली नाही. सगळ्या बाया म्हणाल्या, लेकरू आहे, समजलं नाही अजून. मलाही तसंच वाटलं.

अडीच-तीन महिन्यांनी होळी आली. आमच्याकडे रीत अशी, की वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरानं सण विकत आणायचा नाही. पुरण शिजवायचं नाही, गाठी आणायची नाही. पण घरात लेकरू असेल तर त्याचा गळा रिकामा ठेवायचा नाही. मग ती गाठी दुसऱ्यांनी आणायची. भावकी आणते, शेजार आणतो, ज्याचा त्या माणसाशी रामराम होता तो प्रत्येकजण आणतो. दारात यायचं, लेकराच्या गळ्यात गाठी घालायची, डोक्यावरून हात फिरवायचा आणि पाणीसुद्धा न घेता निघून जायचं.

माझ्या दिराचा रामराम कोणाशी नव्हता? सकाळपासून माणसांची रीघ लागली. पांढऱ्या गाठ्या, गुलाबी, केशरी, पदकावर मोर काढलेल्या. पोरगी ओट्यावर उभी. एकजण गाठी घालायचा, तो वळला की ती काढून आत खुंटीला अडकवायची आणि पुन्हा येऊन उभी राहायची. दुपारपर्यंत खुंट्या संपल्या, मग खिडकीचे गज. हलवायाच्या दुकानातही नसतील एवढ्या गाठ्या त्या खोलीत लटकत होत्या. धाकटी भिंतीला टेकून त्यांच्याकडे बघत बसलेली. मला पोटातून बरं वाटलं. म्हटलं, चला, माझ्या लेकरानं माणसं कमावली होती.

पण त्या गाठ्या जिथल्या तिथं राहिल्या. आठवडा गेला. पोरीनं एकीलाही तोंड लावलं नाही. मी म्हटलं, दुःखाच्या गाठ्या आहेत, नसेल खावं वाटत. पाडवा तोंडावर आला, ऊन तापलं, गाठ्यांना पाझर फुटला. मुंग्यांनी खिडकीपासून चुलीपर्यंत रस्ता पाडला. मी म्हटलं, "आण त्या इकडे, पन्हं करू." ती म्हणाली, "नाई." म्हटलं, "बरं, अंगणवाडीतल्या पोराईले वाटून देऊ." तेवढ्यात ती खुंटीखाली जाऊन उभी राहिली. "नाई म्हनलं ना. कोनाले द्याच्या नाई." स्वतः खायची नाही, दुसऱ्याला देऊ द्यायची नाही. मला तिडीक आली. पण बिनबापाच्या लेकरावर काय आवाज चढवायचा, म्हणून मी दोन दिवस जीभ चावून गप्प बसले. माझ्या हिशेबानं ही मोठी तपश्चर्या होती.

तिसऱ्या दिवशी, रविवार होता, मी सकाळी झाडायला तिकडे गेले. एक गाठी तुटून खाली पडलेली, मुंग्यांनी काळी केलेली, फक्त पदक तेवढं चांगलं राहिलेलं. अन्न कसं टाकायचं? मी ते पदक धुतलं, दोऱ्यासकट घरी आणलं आणि आमच्या ह्यांच्या चहात टाकून दिलं. हे अंगणात बाजेवर बसून चहा फुंकत होते. पोरगी तोंड धुवायला बाहेर आली. तिनं माझ्या हातातला दोरा पाहिला, मग ह्यांच्या हातातला कप पाहिला, आणि काही कळायच्या आत धावत येऊन तिनं तो कप असा ओढला, की सगळा गरम चहा ह्यांच्या पायजम्यावर.

हे "अरे बाप रे" करत उभे राहिले. कप फरशीवर फुटला. आणि माझी तपश्चर्याही तिथंच संपली. मी काय काय बोलले ते मला आता आठवत नाही, पण हातही उगारला होता, ते आठवतं. पोरीनं माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. ती ह्यांच्याकडेच बघत होती.

"तुमी नका खाऊ, मोठेबाबा," ती म्हणाली. "तुमी बी मरसान."

माझा हात वरच्या वर राहिला. धाकटी दारात येऊन उभी राहिली होती.

मी पोरीला जवळ ओढलं. "काय म्हनून राह्यली तू? काऊन मरतीन ते?"

मग ते सगळं बाहेर आलं. तिच्या गाठ्या तिनं कधी खाल्ल्याच नव्हत्या. शाळेतून आली की ती बापासोबत वावरात जायची, वांग्याला पाणी द्यायला. मोटर सुरू झाली की दोघं बांधावर बसायची. तो म्हणायचा, "माय, एक तुकडा देतं का?" ती दोऱ्यातून सोडवून दप्तरात लपवलेला गाठीचा एक मणी काढून द्यायची. तो डोळे मिटून चोखायचा. म्हणायचा, "कोनाले सांगजो नको. हे तुह्यामाह्यात." नुसत्या गाठ्याच नाहीत. पंधरा ऑगस्टला शाळेत मिळालेली गोळी, मैत्रिणीच्या वाढदिवसाचं चॉकलेट, संक्रांतीचा तिळाचा लाडू, सगळं ती अर्धं ठेवायची. आणि मी दात किडतील म्हणून ओरडत होते तेव्हा ती खाली मान घालून ऐकून घ्यायची, कारण बापाला वचन दिलं होतं.

"दवाखान्यात समदे म्हनत होते, गोड खाल्ल्यानं गेला," ती म्हणाली. "ते म्याच देत होती, मोठमाय. म्याच मारलं बाबाले."

नऊ वर्षांची पोर. थंडीपासून एवढं ओझं एकटी घेऊन फिरत होती, आणि आम्ही मोठी माणसं म्हणत होतो, तिला अजून समजलं नाही. मला माझीच लाज वाटली. मी तिला कवटाळून सांगायला लागले, की डॉक्टर म्हणाले होते, किडन्या आधीच गेल्या होत्या, तू जन्मायच्या आधीपासून त्याला ती शुगर असणार, तुझ्या मण्यानं काय होतं. ती ऐकत होती, पण तिला पटत नव्हतं. अंगणवाडीतल्या पोरांना इंजेक्शन दुखत नाही असं मी सांगते, तेव्हा ती माझ्याकडे जशी बघतात तशी ती बघत होती.

तेवढ्यात हे खाकरले. ओला पायजमा चिमटीत धरून उभे होते. "मी बी देत होतो," हे म्हणाले.

"काय देत होते?" मी विचारलं.

"जिलबी." हे माझ्याकडे न पाहता पोरीशी बोलत होते. "बाजाराच्या दिवशी. माल इकून झाला का आमी दोघं जात होतो. पावशेर घ्यायचो. त्यातली जास्त तोच खाये."

मी तोंड उघडलं, पण त्याआधी दारातून धाकटीचा आवाज आला. ती पदरात तोंड लपवून बोलत होती. "बाई, तुमी अंगनवाडीत गेल्या का म्या शिरा करत होती. गुळाचा. साखर तं तुमच्या कपाटात होती."

मग मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, वा! मी इकडे कारल्याचा रस काढून काढून हाताला कडूपणा चढवून घेतला, डॉक्टरांशी भांडले, आणि तुम्ही तिकडे जिलब्या आणि शिरे! अख्खं घर फितूर, आणि मी एकटी शहाणी पहाऱ्यावर! मला काऊन नाही सांगितलं?

"तोच म्हने, वैनीले सांगू नका," हे म्हणाले. "म्हने, हे तुह्यामाह्यात."

"मले बी तसंच म्हनत," धाकटी म्हणाली.

पोरगी एकदम माझ्या मिठीतून सुटली. आळीपाळीनं दोघांकडे बघायला लागली. "तुमाले बी?" तिनं विचारलं. "तुमाले बी तुह्यामाह्यात म्हनत होते?" आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. तो राग होता. भुवया जवळ, नाक फुगलेलं, ओठ वाकडा. हुबेहूब माझ्यासारखी. "मले तं म्हने, तू एकलीच माही! लबाड! किती लबाड मानूस!" पाय आपटून ती हे म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. असं रडली, की शेजारची चाची भिंतीवरून डोकावली. धाकटीनं तिला मांडीवर घेतलं आणि दोघी मायलेकी पोट भरून रडल्या. हे तोंड फिरवून कपाचे तुकडे वेचत बसले.

मी आत गेले आणि भांडी आदळली. दुसरं काय करणार? खरं सांगते, त्या घटकेला मला त्या मेलेल्या माणसाचा फार राग आला होता. गोड खाल्ल्याचा नव्हता. सगळ्यांशी त्याचं काहीतरी गुपित होतं, बायकोशी, भावाशी, लेकीशी. एका माझ्याशीच नव्हतं. जिनं शेंबूड पुसला तिला सोडून सगळ्यांकडे त्यानं हात पसरला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं मी त्या कढईला दोन-तीनदा ऐकवलं.

थोड्या वेळानं पोरगी चुलीपाशी आली. डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. "मोठमाय, आनखी कोन कोन देत होतं?"

"मले काय माहीत? मले कोन सांगते का काही?"

"मग चाल, विचारू."

तिनं खुंट्यांवरच्या सगळ्या गाठ्या काढल्या, मुंग्या झटकल्या आणि बाजाराच्या पिशवीत भरल्या. कोणाला द्यायच्या नाहीत म्हणणारी ती, आता पिशवी उचलून दारात उभी. मी डोक्यावर पदर घेतला आणि तिच्या मागं निघाले. कुठं निघालो, काय करणार, मला काही ठाऊक नव्हतं.

पहिलं घर चाचीचं, कारण ती भिंतीवरून सगळं ऐकूनच बसली होती. पोरीनं सरळ विचारलं, "चाची, तुमी काय देत होत्या माह्या बाबाले?" चाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "झूट नहीं बोलूंगी, भाभी. ईद को शीरखुर्मा. और बाद में भी, कभी कभी." कभी कभी म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. पोरीनं पिशवीतून एक गाठी काढून चाचीच्या हातात ठेवली. चाचीनं ती डोळ्यांना लावली.

मग आम्ही गल्लीनं पुढं निघालो. पोरगी दारात उभी राहून तोच प्रश्न विचारायची, आणि माणसं आधी माझं तोंड बघून घाबरायची. कटिंगवाल्यानं तर हातातला वस्तरा खाली ठेवला. लहान पोरांची कटिंग करताना ती रडू नयेत म्हणून त्याच्याकडे लेमनच्या गोळ्यांची बरणी असते. दीर दाढी करायला आला की आधी बरणीत हात घालायचा. "म्या म्हनलं, दादा, तुमाले चालते का? तं म्हने, लेकीसाठी नेतो." पोरगी म्हणाली, "मले एक बी नाई देल्ली!" कटिंगवाला हसला आणि मग घाबरून माझ्याकडे बघत थांबला. मला हसू आवरलं नाही. तेव्हा कुठं तोही मोकळा हसला.

देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं प्रसादाचे पेढे कबूल केले. चुलत सासूनं शेंगदाण्याचा लाडू. त्या सासूला डोळ्यांनी दिसत नाही. ती म्हणाली, रोज येऊन पाय दाबून देत होता, मग लाडू मागायचा. वांग्याच्या रोपवाटिकेवाल्याकडे रसना. प्रत्येकाला त्यानं तेच सांगितलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. काहीजण तर तेही मनात घेऊन बसले होते. रोपवाटिकेवाला चांगला मिशीवाला माणूस, गाठी हातात आल्यावर तो ओक्साबोक्शी रडला. म्हणाला, "मले रोज वाटे, माह्याच हातून झालं." पोरीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आणखी एक गाठी काढून त्याला दिली.

बसथांब्याच्या चहावाल्याकडे पोचेस्तोवर ऊन चांगलंच चढलं होतं. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तो दिराच्या वर्गातला, त्यामुळे मला लहानपणापासून भिऊन असलेला. "दुप्पट साखर टाकून पीत होता, वैनी," तो म्हणाला. "म्या लय खेपा म्हनलं, अबे, नको पिऊ, मरशील. तं काय म्हने माहीत आहे? म्हने, माह्या घरी वैनी हाये. ते हाये म्हनून मी एवढे वर्षं टिकलो. ते रस पाजते, तो रस माह्या पोटात हे साखर मारते. ते नसती तं कवाच गेलो असतो."

मी त्या बाकावर बसल्या बसल्या पदर डोळ्याला लावला. भर रस्त्यात, येणारी-जाणारी माणसं बघत असताना. मला त्याची पर्वा नव्हती. माझ्याकडे त्यानं चोरून काही मागितलं नाही, कारण माझ्याकडून तो उघड उघड काहीतरी घेत होता, रोज, नाक दाबून. चहावाल्यानं आम्हाला चहा दिला. माझ्या कपात साखर जास्त होती. मी तो सगळा प्यायले.

परत येताना पिशवी रिकामी होती. पोरगी ती हातानं हलवत माझ्या पुढं चालत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेले तेव्हा कळलं, ती नावं घेत होती. मोठेबाबा, आई, चाची, कटिंगवाले काका, पुजारी बाबा, आजी. एकेक नाव घ्यायची, थांबायची, पुढचं घ्यायची. बोरीच्या सावलीत आल्यावर ती उभी राहिली. माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना रडू, गणित करताना असतो तसा चेहरा.

"लय जनाईनं देल्लं, मोठमाय," ती म्हणाली.

"हाव ना वं माय. लय जनाईनं देल्लं."

"पावशेर जिलबी. आन आई कढईभर करे शिरा. आन चाची वाटीभर देये."

"हाव."

तिनं उजव्या हाताची करंगळी माझ्यापुढं धरली. अंगठ्याचं नख त्या करंगळीच्या टोकावर टेकवून, अगदी टोकावर, तिनं मला माप दाखवलं.

"माहा तुकडा तं एवढुसाच राहे," ती म्हणाली, आणि मी काय म्हणते त्याची वाट पाहत उभी राहिली.

मी खाली वाकून ती करंगळी हातात घेतली, नीट निरखून पाहिली, आणि म्हटलं, "एवढुसाच, माय. एवढुसाच."